कॉलिनचं मत

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या बेसमेंटमधला पंप पुन्हा घरघरायला लागतो. छपरावरून दिवसभर पाणी ठिबकत असतं, ड्राइव्हवेच्या कडेला हिवाळाभर रचत गेलेला बर्फाचा ढीग काळाठिक्कर पडून खचत असतो, आणि जमिनीत मुरलेलं सगळं पाणी घराच्या पायाशी येऊन साचतं. ते उपसून बाहेर फेकायचं काम त्या पंपाचं. बुटांवर मिठाचे पांढरे ओघळ, हवेत कुजलेल्या पानांचा दमट वास, आणि डोक्यावरून ओरडत परत येणारे रानहंसांचे थवे. कॅनडातल्या मिसिसागात याला वसंत म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला तो वसंत वाटायला बरीच वर्षं लागतात. मला लागली.

या वर्षी पंप सुरू झाला तेव्हा शिरीष घरी होता. भर दुपारी. गाड्यांचे दरवाजे ज्या साच्यांत घडतात ते साचे तयार करणाऱ्या कारखान्यात माझा नवरा इतकी वर्षं आहे. इथे घडलेला पत्रा पूल ओलांडून अमेरिकेत जायचा, तिथे त्याला काहीतरी जोडलं जायचं, तो परत यायचा, पुन्हा जायचा. आता पलीकडच्यांनी वाटेत जकात बसवली आहे, आणि शिरीषची शिफ्टच बंद झाली. पुन्हा बोलावू म्हणालेत. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून पंपाचा आवाज ऐकत होता. मी वरून हाक मारली तर म्हणाला, "कॉलिनची आठवण झाली."

मलाही त्याचीच झाली होती.

कॉलिन आमच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहायला आला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता. इंग्लंडच्या ईशान्येकडचा, समुद्राकाठच्या एका गावचा. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगचे यंत्रमानव सांभाळणं हे त्याचं काम. कारखाना बंद पडला, आणि इकडे ओंटारियोत त्याच्यासारख्या माणसांची गरज होती म्हणून तो आला. दोन बॅगा, एक चहाची किटली. पहिल्याच बर्फात मी सकाळी दार उघडलं तर सगळ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून झालेला. मी म्हटलं, "अरे, हे तुझं काम नाही." तो म्हणाला, "लव्ह, मी असाही जागा होतो." त्याच्या गावाकडे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. आमच्या लेकीला, रेवाला, याची फार गंमत वाटायची. "आई, ही कॉल्ड द मेलमॅन लव्ह!" असं ओरडत ती आत आली होती.

शिरीष आणि तो तासन्‌तास बोलायचे. एकाचं इंग्रजी चिंचवडच्या कारखान्यात घडलेलं, दुसऱ्याचं आमच्यापैकी कुणालाच नीट न कळणारं. पण पत्रा, साचा, वेल्डची ठिणगी यांवर दोघांचं अगदी मेतकूट जमायचं. अशाच एका रविवारी, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, कॉलिननं कारखान्याची कथा सांगितली. सुटे भाग युरोपातल्या कुठल्या कुठल्या देशांतून यायचे. सकाळी बोटीवरून उतरलेला ट्रक दुपारी त्यांच्या दारात. सगळे देश एकाच महासंघातले, त्यामुळे मध्ये कुणी अडवायचं नाही. मग ब्रिटननं त्या महासंघातून बाहेर पडायचं ठरवलं. बंदरावर ट्रकांच्या रांगा लागायला लागल्या. प्रत्येक पेटीला कागद, कागदाला शिक्का. कधी एखादा भाग यायचाच नाही आणि सगळी माणसं हात बांधून उभी. मालक परदेशी होते. त्यांनी एका सकाळी सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं.

"तसाही बंद झालाच असता," कॉलिन म्हणाला. "इलेक्ट्रिक गाड्या आल्या, सगळं बदलतंय."

जरा वेळ त्यानं पोहे चिवडले. मग म्हणाला, "मी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं."

शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "का रे?"

त्यानं जे सांगितलं ते मला अजून खोटं वाटत नाही. त्याचे वडील जहाजबांधणीत होते. ती गोदी बंद झाली तेव्हा कुणी विचारलं नाही. मामा खाणीत होता, ती बुजवली तेव्हाही नाही. वाचनालय गेलं, बस गेली, दवाखाना पुढच्या गावाला गेला. "आणि मग एक दिवस एक कागद पुढे केला आणि विचारलं, तुम्हाला काय वाटतं? लव्ह, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला विचारलं. ज्यांनी आजवर काही विचारलं नव्हतं, ते सगळे एका सुरात म्हणत होते की आहे तसंच राहू दे. मग मी उलटं उत्तर दिलं."

तेव्हा आम्हाला एवाबद्दल फारसं ठाऊक नव्हतं. त्याची बायको आहे, पोलंडची आहे, आईच्या आजारपणामुळे माहेरी आहे, एवढंच. रविवारी दुपारी खालून त्याचा फोनवरचा आवाज यायचा, फार हळू. मोठमोठी शांतता, मग दोन वाक्यं, पुन्हा शांतता. मी वर भाजी निवडत बसलेली असायची आणि नको असताना ती शांतता ऐकायची.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये, ती आली. दोन आठवड्यांसाठी.

मला वाटलं होतं उंच, गोरीपान, टिपटॉप बाई असेल. ती आली ती बुटकी, रुंद हातांची, करडे केस कानामागे खोचलेली. दुसऱ्याच दिवशी न विचारता माझ्या स्वयंपाकघरात आली आणि कांदा चिरायला बसली. मला ती तिथेच आवडली. मी चपात्या लाटत होते. तिला सांगितलं, "आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून गाव आहे. तिथे तुमची पोलंडची माणसं राहत होती, मोठ्या युद्धाच्या वेळी."

तिचा सुरीचा हात थांबला. "भारतात? आमची?"

मग मी बाबांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. युद्धातून, बर्फातून, वाळवंटातून वाट काढत आलेल्या बायका आणि मुलं. कोल्हापूर संस्थानात त्यांच्यासाठी वसवलेल्या बराकींची वस्ती. त्यांची शाळा, त्यांचं चर्च. बाबा लहान होते तेव्हा त्यांच्या वडिलांबरोबर सायकलच्या दांडीवर बसून तिकडे जायचे. सोनेरी केसांच्या बायका बाजारात वांगी घासाघीस करून घ्यायच्या आणि त्यांची पोरं मराठीत शिव्या द्यायला शिकली होती, हे बाबा फार कौतुकानं सांगायचे.

"त्यांना राहायला किती दिवसांची परवानगी होती?" एवानं विचारलं.

असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी म्हटलं, "ते ठाऊक नाही. पण ते जायला निघाले तेव्हा स्टेशनावर आमची माणसं रडली, असं बाबा सांगायचे."

एवानं सुरी पुन्हा चालवली. कांदा होताच समोर, त्यामुळे डोळ्यांचं काही कळलं नाही. मग ती आपणहून बोलायला लागली.

पोलंड महासंघात आला त्याच वर्षी ती बसमध्ये बसून इंग्लंडला आली होती. आधी कोबीच्या शेतात, मग मासे साफ करायला, मग म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. तिथेच कॉलिनची आई होती, आणि आईला भेटायला येणारा कॉलिन. त्यांनी लग्न केलं. मूल झालं नाही. दोघांनी मिळून मागच्या अंगणात बटाटे लावले. त्याच्या आईचा शेवट एवाच्या हातावर झाला.

"मत द्यायच्या दिवशी सकाळी तो गेला," ती म्हणाली. "मला मत नव्हतं. मी त्या देशाची नागरिक नव्हते ना. मी घरी त्याचा शर्ट इस्त्री करत होते. परत आला, मला चहा करून दिला, आणि म्हणाला, हे तुझ्याबद्दल नाहीये."

चपाती तव्यावर फुगली होती, ती मी उतरवायची विसरले.

"मग कुणाबद्दल होतं?" मी विचारलं.

"तेच मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लंडनबद्दल. सरकारबद्दल. सगळ्या त्या लोकांबद्दल." तिनं खांदे उडवले. "दुसऱ्या आठवड्यात आश्रमातल्या एका आजींनी माझा हात हातात घेतला. मी रोज त्यांना अंघोळ घालायचे. अगदी प्रेमानं विचारलं, तू कधी जाणार गं? जसं एखादी बस कधी सुटणार म्हणून विचारतात, तसं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना वाटलं, ठरलंय तर जाणारच."

पुढे तिला त्या घरात राहण्यासाठी अर्ज करावा लागला. ज्या घराच्या भिंती तिनं रंगवल्या होत्या तिथे ती इतकी वर्षं राहत होती, हे पुराव्यानिशी दाखवायचं. फोनचा कॅमेरा तोंडासमोर धरून आपला चेहरा सरकारला दाखवायचा. कॉलिननंच फोन धरला होता. परवानगी मिळाली. आश्रमातल्या तिच्या ओळखीच्या बाया मात्र एकेक करून निघून गेल्या, रुमानियाला, लिथुआनियाला, आणि त्यांच्या जागी यायला कुणी नव्हतं. म्हाताऱ्यांना वेळेवर जेवण भरवायला माणसं पुरेनात. कॉलिनचा कारखाना बंद झाला. पोलंडात आई अंथरुणाला खिळली, तेव्हा एवानं बॅग भरली. "मला कुणी हाकललं नाही," ती म्हणाली. "पण पूर्वी मी तिथे नुसती राहत होते. नंतर मला ठेवून घेतलं होतं. दोन्हींत फरक आहे."

मी या देशात अर्ज करूनच आले. आम्ही सगळेच तसे आलो. त्यामुळे तिचं दुःख मला लगेच कळलं असं म्हणणं खोटं होईल. आम्ही दारात उभं राहून, आत येऊ का विचारून आलेली माणसं. तिला मात्र घरात बसलेली असताना उठवून दारात उभं केलं होतं आणि विचारायला लावलं होतं. हे उमगायला मला तो सगळा मार्च लागला.

त्या शनिवारी आम्ही त्यांना मॅपलच्या रानात घेऊन गेलो. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन, असे हे थोडेच दिवस असतात, तेव्हा झाडांतून रस वाहतो. खोडाला भोक पाडून बादल्या लटकवलेल्या असतात आणि रानभर टप टप आवाज चालू असतो. बादल्याच्या बादल्या रस आटवतात तेव्हा कुठे थोडासा पाक मिळतो. त्या लाकडी खोपटात मी पहिल्यांदा शिरले होते तेव्हा माझा जीव कासावीस झाला होता, कारण ते सरळ सरळ आमचं गुऱ्हाळ होतं. तीच वाफ, तसंच धगधगतं चुलवाण, काहिलीसारख्या रुंद भांड्यावर चढणारा तसाच फेस, आणि तो फेस काढणारा, घामानं निथळणारा माणूस. फक्त दाराबाहेर उसाच्या चिपाडांऐवजी बर्फ.

शिरीष आणि रेवा बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून खायला बाहेर गेले. मी वाफेत उभी होते. पलीकडच्या बाकावर कॉलिन आणि एवा बसले होते. त्यांना मी दिसत होते, पण त्यांनी आवाज खाली केला नाही. कदाचित त्यांना कुणीतरी ऐकायला हवं होतं.

"इकडे ये," कॉलिन म्हणत होता. "मी तुझे कागद करतो. बेसमेंट सोडू, छोटंसं घर घेऊ."

"आई आहे."

"मग आईनंतर."

"आईनंतर घर आहे. माझं घर. मागे सफरचंदाची झाडं आहेत. तुझ्यासारख्याला तिकडे काम मिळेल. तू तिकडे ये."

कॉलिन म्हणाला, "आता तसं येता येत नाही, एवा. तीन महिन्यांवर राहता येत नाही मला. पूर्वी नुसतं विमानात बसायचं होतं. आता परवानगी मागावी लागेल. त्या कचेरीत जायचं, रांगेत उभं राहायचं, माझ्या बायकोबरोबर राहू द्या म्हणून विचारायचं."

"हो," एवा म्हणाली. "मी विचारलं होतं. आता तू विचार."

तिचा आवाज चढलेला नव्हता. काहीतरी शिकवल्यासारखाही नव्हता. मीठ दे म्हणावं तितक्या साधेपणानं ती बोलली होती. फेस काढणाऱ्या माणसानं काहिलीत झारा फिरवला, वाफेचा मोठा लोट मध्ये आला, आणि मला ते दोघेही दिसेनासे झाले. वाफ विरली तेव्हा एवा बाहेर गेली होती आणि कॉलिन गुडघ्यांवर हात ठेवून आगीकडे बघत बसला होता.

ती गेली त्या दिवशी विमानतळावर दोघं नीट गळाभेट घेऊन वेगळे झाले. परतीच्या वाटेवर गाडीत कॉलिन म्हणाला, "विंटर टायर काढायला हवेत आता." शिरीष म्हणाला, "एप्रिल संपेपर्यंत थांब." एवढंच.

मला वाटलं होतं तो विचारेल. उन्हाळाभर मी वाट पाहिली. झाडांना पालवी आली, परसातल्या वाफ्यात मी मेथी पेरली, ती उगवली, खुडली. रविवारचे फोन आखूड होत गेले. एकदा मी न राहवून म्हटलंच, "अरे, जा ना त्या कचेरीत. मान खाली घालून उभं राहायला काय होतं? आम्ही सगळे उभे राहिलो." तो म्हणाला, "तुम्ही काही मिळवायला उभे राहिलात, लव्ह. माझ्याकडे ते होतं. मी स्वतःच्या हातानं ते पेटीत टाकून आलो."

मत या शब्दाची मला तेव्हापासून थोडी भीती वाटते. आपल्या भाषेत मनातला विचार आणि पेटीत टाकलेला कागद या दोन्हींना एकच शब्द आहे. मनातलं मत बदलता येतं. कॉलिनचं केव्हाच बदललं होतं. पेटीतलं तिथेच राहिलं. त्याच्यासारख्या लाखो माणसांनी आपापला राग घडी घालून आत टाकला. त्या रागाचं पुढे काय झालं? तर बंदरावर सडलेली फळं झाली, भरवायला कुणी नसलेल्या म्हाताऱ्यांची वाट बघणारी तोंडं झाली, गप्प झालेला कारखाना झाला. आणि ज्यांच्यावर राग होता त्यांचं, कॉलिनच सांगायचा, काहीच बिघडलं नाही.

दोन हिवाळ्यांनंतर तो आल्बर्टाला गेला, एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायला. अधूनमधून फोन करतो. गेल्या वर्षी सांगत होता, तिकडे काही घरांच्या अंगणात पाट्या लागल्यात, प्रांतानं कॅनडातून बाहेर पडावं म्हणून. एक शेजारी सह्या गोळा करत त्याच्या दारात आला. भला माणूस, तेलाच्या विहिरीवर काम करणारा, काम सुटलेला. कॉलिननं त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एवाची गोष्ट सांगितली. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतली. कप धुऊन ठेवला. म्हणाला, "फार वाईट झालं बघ तुझं. पण आमचं वेगळं आहे." आणि पुढच्या घराकडे गेला. "मी त्याच्यावर रागावू तरी कसा?" कॉलिन म्हणाला. "मीही असाच चहा पिऊन गेलो असतो."

रेवा आता युनिव्हर्सिटीत जाते. हे ऐकून म्हणाली, "बट ही ट्राइड, आई." मी म्हटलं, हो, केला प्रयत्न त्यानं.

परवा, एप्रिल संपता संपता, कॉलिन आमच्याकडे आला. बेसमेंटमध्ये आता कुणी नसतं, तिथेच उतरला. शिरीष घरीच आहे म्हटल्यावर दोघांनी मिळून दिवसभर खुडबुड केली, बंद शिफ्टबद्दल एक अक्षर न बोलता. संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते, तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. केस सगळे पांढरे झालेत. दाढी केली होती.

"एवाची आई गेली," तो म्हणाला. "हिवाळ्यात."

मी गॅस बारीक केला.

"मी तिला फोन केला. म्हटलं, मी कचेरीत जायला तयार आहे. काय कागद लागतात ते सांग, मी विचारतो. कायमचा येतो."

"मग?"

"तिनं सगळं ऐकून घेतलं." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "मग म्हणाली, नको, कॉलिन. आता मला एकटं राहायची सवय झाली. तू जरूर ये, झाडांना फुलं येतात तेव्हा ये. पाहुणा म्हणून ये."

बाहेर रानहंस ओरडत चालले होते. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आम्ही कधी तसं केलं नव्हतं. मी त्याला ताट वाढलं. तो जेवला, सगळं जेवला, आणि ताट विसळून ठेवलं.

सकाळी आम्ही दोघं त्याला पोलंडच्या विमानासाठी विमानतळावर सोडायला गेलो. शिरीषनं बॅग उतरवली. कॉलिननं कोटाची बटणं लावली, पासपोर्ट चाचपला, दोन पावलं आत गेला आणि परत फिरला.

"लव्ह," त्यानं मला विचारलं, "तिच्या घरी गेल्यावर दार ढकलून आत जायचं, की बेल वाजवायची?"

मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. शिरीष माझ्याकडे बघत राहिला.

"वाजव," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि बॅग ओढत तो आत गेला.